छतावरचा डाग

माणसाच्या जगण्याला काहीतरी उदात्त हेतू लागतो. कुणाला तो ध्यानात सापडतो, कुणाला समाजसेवेत. भाऊ करंदीकरांना तो स्वयंपाकघराच्या छतावर सापडला. ताटाएवढा होता आणि ओला होता.

त्या हेतूपायी भाऊ आत्ता जिन्यात, वरच्या मजल्यावरच्या धाकू परबच्या छातीवर बसून त्याचा कान पिरगाळत होते. धाकूने त्यांच्या मनगटात दात रोवले होते.

"मोरी दुरुस्त करून घे, हलकटा!"

"अरे कोरडी ठाक आहे मोरी! येऊन बघ ना एकदा!" एवढं बोलण्यापुरते दात सोडवून धाकू पुन्हा चावला.

भाऊ बघायला कधीच गेले नव्हते. बघायला जायचं म्हणजे मनात शंका हवी. ती त्यांना नव्हती.

वरून धाकूच्या बायकोने, कलावतीने, हाक मारली. "अहो, झालं का? घावनं गार होतायत."

भाऊ उठले. धाकूही उठला, शर्टाचं तुटलेलं बटण शोधून खिशात टाकलं आणि वर गेला. भाऊ घरी आले. बायकोने, हेमाने, मनगटाला हळद लावली आणि पोहे वाढले. भाऊंनी दोनदा मागून घेतले.

वर्तकनगरच्या त्या जुन्या वसाहतीत आता या मारामारीचं कुणाला काही वाटत नसे. धाकूचा पुढचा दात भाऊंनी पाडला होता. भाऊंच्या कपाळावर धाकूच्या नारळाच्या खवणीची खूण होती. सुरुवातीला लोक सोडवायला धावायचे. नंतर नुसतेच बाजूने जाऊ लागले, पिशव्या सांभाळत.

निवृत्त झाल्यावर भाऊ पलंगावर पडले होते ते उठेचनात. दाढी नाही, पेपर नाही, जेवण चार घास. डॉक्टर म्हणाले, मन रमवा. हेमाने हास्यक्लबात नेलं, तिथे सगळे हसत असताना भाऊ रडले. डोंबिवलीहून मुलगा, शौनक, फोन करून सांगायचा, "बाबा, यू नीड अ पर्पज. सकाळी कशासाठी उठायचं, हे ठरवा." भाऊ भिंतीकडे तोंड करून ऐकायचे.

आणि एका सकाळी डाग उमटला. भाऊ तडक उठले, वर गेले आणि धाकूच्या कानाखाली वाजवली. एसटीचा निवृत्त ड्रायव्हर धाकूही घरात बसून सुकत चालला होता. त्याने उलटी लगावली. त्या दिवशी दोन्ही घरांत जेवण पोटभर झालं.

तेव्हापासून भाऊ रोज सकाळी दाढी करत. जाताना ओट्यावरचा वरवंटा उचलला, की हेमा ओरडायची, "तो ठेवा, चटणी वाटायचीय. लाटणं न्या." भाऊ मुकाट लाटणं नेत.

मे महिन्यात धाकू आणि कलावती मुलीकडे, खडवलीला, गेले. डाग वाळला. भाऊंची दाढी वाढली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेपर न उघडताच परत दिला आणि चौथ्या दिवशी जेवणाचं ताट.

"चार घास तरी खा हो."

"कशासाठी?" भाऊ म्हणाले.

त्या संध्याकाळी कलावतीचा हेमाला फोन आला. उद्या पहाटेच्या गाडीने निघतोय, सातला घरी पोचू. हेमाने लगेच भाऊंना सांगितलं. त्यांनी कूस बदलली, एवढंच. मग ती पाणी भरायला लागली. शुक्रवारी वसाहतीचं पाणी बंद असे. बादल्या भरल्या, पातेली भरली, खिडकीतल्या कुंड्यांसाठीची फवाऱ्याची बाटलीही भरून ठेवली.

सकाळी साडेसातला स्वयंपाकघरातून तिची हाक आली. "अहो, बघा हो! परत गळतंय!"

भाऊ पलंगावरून उडीच मारून उठले. डागाखालच्या स्टुलाला अडखळले. मान वर केली. टपोरा थेंब कपाळावर पडला, बरोबर खवणीच्या खुणेवर.

"आले वाटतं!" ते म्हणाले. दिवाळीला पाहुणे यावेत, तसा आवाज झाला होता.

लाटणं पोळपाटावर पिठात होतं. भाऊंनी वरवंटा उचलला.

"अहो, तो नको!" हेमा ओरडली. भाऊ जिन्यात पोचले होते.

धाकू वरच्या पायऱ्यांवर पाठमोरा चढत होता. खांद्यावर बॅग, हातात पिशवी. कलावती गुडघे धरत अजून खालच्या मजल्यावर होती.

"धाकू!"

धाकू वळला आणि तोंडभर हसला. पडलेल्या दाताची फट दिसली. "थांब रे भाऊ, बॅग तरी ठेवू दे! आत्ता येतोय मी..."

पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला. धाकूने पिशवी भिरकावून भाऊंच्या तोंडावर मारली, करवंदं जिनाभर घरंगळली. मग त्याने डोक्याने भाऊंचं नाक फोडलं. भाऊंच्या तोंडात रक्ताची खारट चव आली. चार दिवसांत पहिल्यांदाच कशाला तरी चव होती. त्यांनी सगळा जोर लावून वरवंटा फिरवला.

तो कानशिलावर बसला. धाकू बसला, मग आडवा झाला.

भाऊ थांबले. आता त्याची पाळी होती.

"ऊठ," ते म्हणाले. "ऊठ रे. सोंगं करू नकोस."

रक्त पायऱ्या उतरू लागलं, करवंदांना वळसे घालत. कलावती वळणावर आली आणि किंचाळली. भाऊंनी नजर वर केली. धाकूच्या दाराला कुलूप होतं.

ते घरी आले. मोरीतला नळ सोडला. नळ खोकला आणि गप्प झाला. शुक्रवार होता.

हेमाने त्यांच्या हातांकडे पाहिलं. जिन्यातली किंकाळी थांबत नव्हती.

"गाडी लेट झाली वाटतं," ती हळूच म्हणाली.

तिने ओट्यावरची फवाऱ्याची बाटली उचलली आणि तिच्यात उरलेलं पाणी भाऊंच्या बोटांवर मारलं. खिडकीतल्या कुंड्यांमधली झाडं वाळून कित्येक वर्षं झाली होती.