थेट प्रक्षेपण

"बाबा, तुम्ही शाळा बुडवून जायचात तरी कुठे?"

प्रश्न तिचा नव्हता, पैजेचा होता. वर्गातल्या मुलींचं म्हणणं असं की, कुठलाही बाप या प्रश्नाला आधी खोकतो आणि मग विषय बदलतो. विचारून दाखव, तर तू खरी. तिला वर्गात हल्ली 'तोफ' म्हणत, त्यामुळे माघार घेण्याची सोयच उरली नव्हती. तोफेने रविवारची दुपार निवडली. बाबांचे दोन शाळूसोबती घरी आले होते. चहा झाला होता, आणि तिघांनीही कमरेचे पट्टे सैल केले होते.

बाबा खोकले खरे, पण विषय काही बदलला नाही. उलट धरणच फुटलं. शाळेच्या मागच्या भिंतीतली एक वीट म्हणे कायमची काढून ठेवलेली असायची, पाय रोवायला. आधी दप्तर पलीकडे, मग आपण. तलावात मनसोक्त डुंबायचं आणि केस वाळेपर्यंत गावभर उंडारायचं. हजेरीचं काय, तर आळीपाळीने एकजण वर्गात मागे राहायचा आणि तीन वेगवेगळ्या आवाजांत 'हजर' म्हणायचा. त्यात जाड भिंगांच्या ढापण्याकाकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी तिन्ही आवाज काढून दाखवले. लंबूकाका तर भिंत कशी चढायची ते दाखवायला सोफ्यावरून उठले. पण पाय गुडघ्याच्या वर जाईना, तेव्हा बसले आणि तोंडानेच चढले. तीन पोटं एका तालात हलत होती.

"एका बाकावरचे आम्ही," ढापण्याकाका चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले. "मास्तरांच्या छड्या मोडल्या, पण बाक काही फुटला नाही."

तिलाही हसू आवरेना. आपला बाप इतरांच्या बापांसारखा नाही, हे उद्या वर्गात कसं रंगवून सांगायचं याची तिची मनातल्या मनात जुळवाजुळवही सुरू झाली.

तेवढ्यात लंबूकाका म्हणाले की, हल्लीच्या पोरांत ती धमक नाही, ही काय शाळा बुडवणार.

"बुडवून जाईल कुठे?" म्हणत बाबांनी खिशातून मोबाइल काढला.

यंदापासून शाळेने वर्गावर्गात कॅमेरे बसवले होते. पालकांना घरबसल्या वर्ग दिसायचा. चालू तासही आणि होऊन गेलेलाही. बाबांनी अंगठ्याने शुक्रवार मागे ओढला, तिसरा तास लावला आणि मोबाइल टेबलावर उभा केला. तिन्ही टकलं त्यावर वाकली. पडद्यावर ती होती, करंगळीएवढी. आधी तिने भली मोठी जांभई दिली. मग शेजारच्या मुलीच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली, आणि दोघीही डोकी बाकाखाली घालून खदखदू लागल्या.

दारात उभी राहून आईही बघत होती. शेजारीण दुपारी मालिका बघते, मी हिला बघते, असं तिने पाहुण्यांना सांगितलं. मधे जाहिराती नसतात, हा फायदा.

पाहुणे पोट धरून हसले. तिच्या कानशिलांतून मात्र वाफा निघत होत्या. बाकावरची ती दुसरी मुलगी म्हणजे चिमणी. शुक्रवारी चिमणी सकाळपासून रडत होती. तिला एकदाचं हसवायला तोफेचे पहिले दोन तास खर्ची पडले होते. पडद्यावर त्यातलं फक्त हसणं आलं होतं.

"मी काय सोडतोय? लगेच बाईंना फोन लावला," बाबा म्हणाले. "उद्यापासून ही पहिल्या बाकावर, एकटी. आणि त्या चिमणीला दुसऱ्या तुकडीत टाकताहेत."

बरं केलंस, असं ढापण्याकाका म्हणाले. हल्ली संगतीकडे लक्ष द्यावंच लागतं. हे त्यांनी एकाच आवाजात म्हटलं, स्वतःच्या.

करून करून भागले आणि देवपूजेला लागले. भाषेच्या पेपरात ही म्हण आली, तर वाक्यात उपयोग करायला तिला आता जन्मभर विचार करावा लागणार नव्हता.

"चिमणी रडत होती, बाबा. म्हणून मी तिला हसवत होते."

"ह्यात आवाज येत नाही," बाबा म्हणाले, "पण सगळं कळतं."

मग तिने नीट समजावून सांगितलं. पाचवीपासून आम्ही एकत्र बसतो, चिमणीचं दुसरं कुणी नाही, बाईंना आत्ताच्या आत्ता फोन करा आणि नको म्हणून सांगा. बाबांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. हे सगळं तुझ्याच भल्यासाठी, मोठी झालीस की कळेल. ते तिघं मोठे झाले होते, आणि त्यांना कळलेलं सोफ्यावर मांडी घालून बसलं होतं. आईने तिला नशीब काढलंस म्हणून सांगितलं. आमच्याकडे एवढं बघायला कुणाला वेळ होता? बाबांनी तोवर जांभई पुन्हा लावली होती, आणि लंबूकाका बिस्किट उरल्यासुरल्या चहात बुडवायला कपाचा तळ शोधत होते.

ती उठली. आवाज तिने मुळीच चढवला नाही.

"उद्या मी शाळा बुडवणार आहे," ती आईबाबांना म्हणाली. "चोरून नाही, सांगून. चिमणीलाही नेणार आहे. बाक रिकामा दिसेल. बघत बसा."