मागची सीट

मोटरसायकल चालवून बघायला बायको निघाली आणि नवऱ्याला तारण ठेवून गेली. जुनी गाडी चालवून बघायची तर मागे काहीतरी ठेवून जायचं, हा रिवाजच आहे. कोणी लायसन्स ठेवतं, कोणी फोन. हिने पर्स गळ्यात अडकवली, बेकरीच्या पायरीवर बसलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं आणि गाडी विकायला काढलेल्या बेकरीवाल्याला म्हणाली, "हे आहेत की इथे."

बेकरीवाला खळखळून हसला. नवऱ्याला काही हसू आलं नाही.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. आल्यापासून या चष्मेवाल्याने गाडीला नावं ठेवायचा सपाटा लावला होता. टाकीला पोचा आहे, आरसा हलतो, सायलेन्सर गंजलाय, असली गाडी फुकट दिली तरी घेऊ नये. बेकरीवाला बिचारा प्रत्येक गोष्टीला "खरंय" म्हणत होता. बायको मात्र या कानाने ऐकून त्या कानाने सोडत होती. तपासणीसाठी घरोघरी जाऊन रक्त काढायचं तिचं काम. जिने चढून आणि पायी हिंडून गुडघे बोलायला लागले होते. गाडी त्यासाठी हवी, असं तिने घरी सांगितलं होतं आणि त्याने ते मानलंही होतं. पण इथे येऊन तिने टाकीवरून असा काही हात फिरवला की गुडघ्यांची गोष्ट खोटी वाटायला लागली.

तिने किक मारली तेव्हा गाडी चालू होऊ नये म्हणून याने देव पाण्यात घातले होते. दोनदा गाडी नुसती फुसफुसली. तिसऱ्यांदा लागली, हिसका बसला आणि पुन्हा बंद पडली. त्याला जरा बरं वाटलं. बरं वाटतंय तोवर चौथी किक बसली आणि बायको कोपऱ्यावरून वळून दिसेनाशीही झाली.

"ताईंचा हात बसलेला आहे," बेकरीवाला म्हणाला. "वळण कसं घेतलं, बघितलंत?"

चष्मेवाल्याच्या पोटात दुखलं ते इथे. काल-परवा फोनवर ओळख झालेला हा माणूस, आणि त्याला आपल्या बायकोत असं काही दिसावं, जे आपण इतक्या वर्षांच्या संसारात बघितलं नाही? त्याला स्वतःला सायकलच्या पुढे काही येत नव्हतं. गाड्यांमधलं मला काय कळतं, असं तो एरवी बेधडक सांगायचा. आज त्याने नुसती मान हलवली.

आतून पावाचा खरपूस वास येत होता. बायको येत नव्हती. बेकरीवाल्याने चहा दिला, गाडीचा स्वभाव सांगून झाला, आता डिलिव्हरीला व्हॅन घेतलीय तेही सांगून झालं. मग तोही उठून रस्त्याकडे बघायला लागला.

आली तेव्हा तिचे केस पार विस्कटले होते आणि वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं होतं. ती हसत होती. कोणाकडे बघून नाही, अशीच, आपली आपण. कोणा माणसाकडे बघून हसली असती तर भांडता तरी आलं असतं. लोखंडाशी काय भांडणार?

"होतीस कुठे?" त्याने विचारलं.

"पुलापर्यंतच जायचं होतं," ती गाडी स्टँडला लावत म्हणाली. "मागे फिरायचं लक्षातच राहिलं नाही."

बेकरीवाल्याने कौतुकाने विचारलं, आधी कधी चालवायचात? लग्नाआधी, ती म्हणाली, वडिलांची होती. मग सोडली कशी?

"ह्यांना मागे बसायची लाज वाटायची."

पेशंटला 'मूठ आवळा, जरासं टोचेल' म्हणावं, त्याच आवाजात तिने हे सांगितलं. राग नाही, टोमणा नाही. टोमणा असता तर त्याने परतवला असता. त्याने चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

सौदा झाला. गाडीच्या मागच्या बाजूला पावाचा क्रेट ठोकलेला होता, तो काढायला बेकरीवाला पाना घेऊन आला. मागची सीट माळ्यावर पडलीय, म्हणाला, बोल्ट कुठे गेले देव जाणे, पण कुठलाही मेकॅनिक बसवून देईल.

"राहू द्या क्रेट," ती म्हणाली. "माझी नमुन्यांची पेटी बरोब्बर मावेल त्यात. सीट ठेवा तुम्हालाच."

"आणा ती सीट," चष्मेवाला म्हणाला. सकाळपासून नावं ठेवणारा तो हाच माणूस, हे बेकरीवाल्याला खरं वाटेना. "गाडीबरोबरची वस्तू आहे. सोडायची कशाला?"

बायकोने एकदा त्याच्याकडे, एकदा क्रेटकडे बघितलं.

"मग तुम्ही घेऊन या," ती म्हणाली. "माझ्याकडे जागा नाही."

या वेळी पहिल्याच किकला लागली गाडी.

वरातीमागून घोडं निघालं, ते बसने. मांडीवर सीट. पिठाने माखलेली, एका कोपऱ्यातून स्पंज बाहेर आलेला. कंडक्टरने ती वर ठेवायला सांगितली, तर हा ऐकेना. सिग्नल आला की तो मान वाकडी करकरून खिडकीबाहेर बघायचा. मोटरसायकली पुष्कळ होत्या.

"गाडी घेतलीत वाटतं?" शेजारच्या माणसाने विचारलं.

"बायकोने," तो म्हणाला. मग खिशातून चष्मे पुसायचं मऊ फडकं काढलं आणि सीटवरचं पीठ पुसायला लागला.