पंचशीलाच्या वाटचं लोणी

"ह्येच हाय का ते?" सरजाबाईनं संगणकाच्या पडद्याजवळ बोट नेलं, पण लावलं नाही. लेकीच्या तीन वर्षांच्या कष्टाला डाग पडेल असं तिला वाटलं असावं.

"हाव माय. ह्येच," प्रियदर्शनी म्हणाली.

विष्णुपुरीच्या त्या प्रयोगशाळेत, पडद्यावर, एक रंगीत गुंतवळ हळूहळू फिरत होतं. माणसाच्या पेशीतलं एक प्रथिन. जीटीपी नावाचा लहानसा रेणू हाती धरला की ते कामाला लागतं आणि पेशीत तयार झालेला माल बारीक बारीक पिशव्यांत भरून पुढं धाडतं. प्रियदर्शनीनं मुद्दाम त्याचं बिघडलेलं रूप निवडलं होतं. त्याचे स्फटिक म्हणजे मोठं नखरेल प्रकरण. थंड खोलीत महिनाभर निवांत राहू दिलं तर धरणार. कुणी दार आपटलं की रुसणार. तेवढ्या काळात प्रियदर्शनीला पाहायला आलेली तीन स्थळं वाट बघून निघून गेली, स्फटिक काही धरेनात. शेवटी या हिवाळ्यात धरले, इंदूरला क्ष-किरणांपुढं गेले, आणि आता त्या प्रथिनाचा प्रत्येक अणू आपापल्या जागेवर दिसत होता.

शिरूर अनंतपाळहून सकाळच्या एसटीनं सरजाबाई एकटीच आली होती. फोनवर ती लेकीला लग्नाचं क्वचित विचारी. "घावलं का गं?" हे मात्र दर रविवारी.

कारण पंचशीला. प्रियदर्शनीची धाकटी बहीण. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, सारखे जुलाब. अडीच वर्षांची होऊन ती गेली. तेव्हा प्रियदर्शनी सहा वर्षांची होती. ती तिला कडेवर घेऊन गल्लीभर हिंडायची, इतकी पंचशीला हलकी होती. ते वजन प्रियदर्शनीला आजही हवं होतं. फार आठवण आली की ती मुकाट्यानं कामाला लागे. पुढं शिकताना एका शोधनिबंधात तिला अशाच लेकरांचं वर्णन सापडलं. तिनं आईवडिलांचं रक्त तपासून घेतलं. सरजाबाई मामाच्याच घरी, मामेभाऊ केरबाला, म्हणजे प्रियदर्शनीच्या आबाला दिलेली. दोघांच्याही रक्तात तोच एक दोष निघाला.

"कुठं बिघडलंय?" सरजाबाईनं विचारलं.

"हितं. ही धरायची जागा वाकडी झाली. म्हणून पंचूच्या आतड्यातून चरबी पुढं जातच न्हवती. तिथंच तुंबून ऱ्हायची."

"म्हंजे खाल्लेलं अंगी लागायचं न्हाई."

"हाव."

पुढचा प्रश्न कोणता येणार ते प्रियदर्शनीला ठाऊक होतं. त्याच्याच भीतीनं तिनं आईला इथं आणायचं महिनाभर टाळलं होतं. शोधनिबंधात स्पष्ट लिहिलं होतं की अशा लेकराचं तूप, लोणी, तेल लगेच बंद करावं. आणि सरजाबाईचा तर सगळा आधारच लोण्यावर. तेव्हा गावातल्या एका घरी ती ताक घुसळायला जायची, बदल्यात लोण्याचा गोळा मिळायचा. "माझ्या पंचूला म्या काय कमी केलं न्हाई. रोज लोणी चारलं," हे तिनं नातेवाइकांना, शेजारणींना, डॉक्टरांना, भेटेल त्याला सांगितलं होतं. तेवीस वर्षं ती तेवढ्यावर उभी होती. ते काढून कसं घ्यायचं?

"मंग त्या लोण्याचं काय व्हायचं गं?"

"काय न्हाई माय. त्यानं काय फरक पडत न्हवता."

"माझ्याकडं बघून बोल."

प्रियदर्शनीला आईपुढं खोटं कधी जमलंच नव्हतं. तिनं आईचा हात हातात घेतला. "तिला ते सोसत न्हवतं. त्यानंच जुलाब वाढायचे. न दिलेलंच बरं होतं. पर तुला कसं कळणार होतं? डॉक्टरलाबी कळलं न्हाई."

आता ही कोसळणार म्हणून तिनं खुर्ची पुढं ओढली. सरजाबाई बसली, पण रडली नाही. तोंडाशी पदर धरून तिनं त्या फिरणाऱ्या गुंतवळाकडं बघितलं.

"आधी आधी दिलं," ती म्हणाली. "दिलं की तिला जास्तच व्हायचं. मंग दिवाळीपासून बंद केलं. गोळा तसाच शेजारच्या जगदेवीला द्यायची अन् हिला नुसती भाताची पेज. लई हात पसरायची गं लोण्यासाठी. शेवटच्या दिवशीबी पसरला. म्या दिलं न्हाई."

"अन् समद्यांला सांगत आलीस ते?"

"खोटं. तुझ्या आबालाबी खोटंच." सरजाबाईनं लेकीचा हात घट्ट आवळला. "उपाशी मारली म्या तिला, आसंच धरून जगले, पोरी. आत्ता बोललीस ते पुन्यांदा बोल. न दिलेलं बरं होतं, ते."