चेहऱ्यावरची भूक

गल्लीतल्या बायकांच्या मोफत स्वयंपाकघरात बाराच्या ठोक्याला जेवण वाढलं जायचं. ते चालवणाऱ्या काकूंचा तो नियमच होता. भुकेविरुद्धच्या मोहिमेसाठी एक बडे गायक तिथे गाण्याचं शूटिंग करणार म्हटल्यावर तीस जणांचा ताफा सकाळीच येऊन थडकला.

रांगेतल्या माणसांकडे बघून दिग्दर्शकाने नाक मुरडलं. "काकू, ही मंडळी फारच खाऊनपिऊन सुखी दिसतायत हो! सर येईपर्यंत वाढू नका. चेहऱ्यावर जरा भूक दिसायला हवी."

"बरं," काकू म्हणाल्या. तो सरांना फोन लावत बाहेर गेला आणि काकूंनी बाराला सगळी रांग पोटभर जेवू घातली. मग ताफ्यातली माणसं ताटं घेऊन आली, तेव्हा मात्र त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "सर येईपर्यंत वाढायचं नाही. तुमच्याच दिग्दर्शकसाहेबांचा हुकूम."

सर उगवले साडेचारला. तोवर दिग्दर्शकासकट सगळा ताफा पायरीवर माना टाकून बसला होता.



काकू पदराला हात पुसत पुढे आल्या. "या, या! अगदी हवे तसे तीस चेहरे तयार ठेवलेत. करा सुरू."