काळीकुट्ट स्प्रिंग

“या टेबलावर एक तर तुमचं भंगार राहील, नाहीतर माझी ताटं,” असं सुनावून बायकोने तोंडाला कुलूप लावलं, त्याला आज आठ दिवस झाले. भंगार म्हणजे त्याची परग्रहावर चालणारी गाडी. थर्मासच्या झाकणाची केबिन, टेपरेकॉर्डरमधली सहा चाकं, टपावर चहाच्या गाळणीचा रडार. तो लिफ्टचा मेकॅनिक; कामावर जे जुनं निघेल ते खिशातून थेट गाडीत जायचं.

आज एका अकरा मजली इमारतीच्या लिफ्टला त्याने ब्रेकची नवी स्प्रिंग बसवली आणि जुनी घरी आणली. अंघोळ उरकून, गाडीला जोडायची म्हणून ती हातात घेतली. स्प्रिंग नव्यासारखी लखलखत होती. म्हणजे लिफ्टला परत जुनीच बसवली की काय?

त्याने तिथल्या वॉचमनला फोन लावला. “लिफ्ट बंद कर. कुणालाही आत सोडू नकोस.”

“मिस्त्री, सातव्या मजल्यावरच्या आजी आत्ताच आत गेल्या.”

त्याने शर्ट उलटाच अंगात अडकवला आणि अनवाणीच दार उघडलं.

“अहो, जुनीच आहे ती,” मागून बायको म्हणाली. “तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी रॉकेलने घासून ठेवली. तसली काळीकुट्ट स्प्रिंग आपल्या गाडीला शोभली नसती.”