आधी नोंद, मग आठवण

विज्ञानाने विस्मृतीवर अंतिम विजय मिळवला होता. फक्त तो विजय रोज चार्ज करावा लागे.

कानामागच्या स्मृतियंत्राची बॅटरी उतरली, की मधुकररावांची स्मृती थेट गेल्या दिवाळीला जाई. यंत्राच्या कंपनीने तिथपर्यंतचीच कायमची भरून दिली होती. नात शाल्मली जन्मली मार्चमध्ये. त्यामुळे ते लेकीला पुन्हा विचारत, "हे बाळ कुणाचं गं?" लेक हसून सांगे आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसे.

कंपनी म्हणाली, नवं यंत्र घ्या. त्यांच्या पत्नी इंदुमतीबाईंनी त्याऐवजी डेटाबेसची फुकटची लेक्चरं लावली. एका शेगडीवर कढी, शेजारी मोबाइलवर प्राध्यापक. सतराव्या लेक्चरला प्राध्यापक म्हणाले, मेमरीतलं सगळं वीज जाताच पुसलं जातं. म्हणून प्रत्येक गोष्ट आधी टिकाऊ नोंदीत लिहा, मग मेमरीत ठेवा आणि वीज आली की नोंद पहिल्यापासून वाचा. बाईंनी तीस वर्षं शाळेत हजेरीपट भरला होता. त्यांना यात नवं काही वाटलं नाही. जूनमध्ये त्यांनी नवऱ्याच्या यंत्राला जुना मोबाइल जोडून त्यावर तशी आपोआप नोंद सुरू केली.

ऑगस्टमध्ये शाल्मलीला मधुकररावांच्या मांडीवर देऊन बाईंनी स्वतःच त्यांची बॅटरी काढली आणि परत लावली.

"अहो, ही कोण?"

मधुकररावांच्या कानामागे चार मिनिटं नोंद वाचली जात होती.

"शाल्मली. दात येतायत तिला."

लेक या वेळी तिथेच रडली.

"आणि चौदा जुलैला तू मला बावळट म्हणालीस," ते बाईंना म्हणाले.

"म्हणाले असेन एकदा."

नोंदीत तीनदा होतं.