लांबचा फेरा

"मंग मांडवात जावयाचा कान कोण पिळन रे? तुयं जहाज?"

चंद्रभाननं मोटरसायकल पांधणीच्या तोंडाशी थांबवली होती. फोन स्पीकरवर होता. लेकीच्या लग्नाची पहिली पत्रिका शेतातल्या मुंजोबापुढं ठेवायला नवरा-बायको निघाले होते. मागं बसलेल्या सुभद्रेनं ती पदराआड जपून धरली होती.

"बाबा, लाल समुद्रात जहाजांवर गोळे पडून राहिले," पियुषचा आवाज तुटक तुटक आला. "कंपनी म्हणते, आफ्रिकेले वळसा घालून या. अपेक्षाच्या हळदीले मी पाण्यातच असन."

"सरळ रस्ता सोडून एवढा लंबा फेरा? कोण्या शायन्याचं डोकं हे?"

"समुद्रात सरळ काही नसते, बाबा. वारा, लाटा, लढाई, सारं पाहून रेघ ओढा लागते. भांडण दुसऱ्याचं असते, वळसा आपल्याले पडते."

फोन कटला.

"आडमुठे सारे," चंद्रभान पुटपुटला. "समोर घर दिसते, अन् हे गावाले फेरी मारून राहिले." त्यानं किक मारली आणि बाभळीच्या खुंटापाशी गाडी नेहमीसारखी डावीकडं वळवली.

उजवीकडं सूर्यभानची तूर उभी होती. तिच्या पलीकडं त्यांचंच वावर. मुंजोबाचा शेंदूरसुद्धा इथून दिसत होता. पण दोघांच्या सामाईक धुऱ्यावरची बाभूळ तुटली आणि भांडण झालं, त्या दिवसापासून चंद्रभाननं सख्ख्या भावाच्या वावरात पाय टाकला नव्हता. पांधणीनं अख्ख्या शिवाराला फेरी घालायची. बायकोनंही.

"थांबवा गाडी."

"काय झालं?"

सुभद्रा उतरली. "तिकडं गोळे पडून राहिले म्हणून पोरगं फिरून येऊन राहिलं. इथं काय पडून राहिलं जी?"

चंद्रभाननं गाडीची रेस वाढवली. सुभद्रा धुऱ्यावरून चालू लागली. वाळल्या शेंगा पदराला लागून खुळखुळल्या. जुन्या ओळखीची बाई दिसावी आणि आधी हसावं, मग बोलावं, तशा.

विहिरीजवळ सूर्यभानचा योगेश पाइप जोडत बसला होता. तो उठून उभाच राहिला.

"मोठीमाय? इकून?"

"हाव, इकून. पियुष पोचत नाई. अपेक्षाच्या नवऱ्याचा कान पिळाले भाऊ पायजे." तिनं मुंजोबाची पत्रिका त्याच्यापुढं धरली.

योगेशनं ओले हात पँटीला पुसले, उलटसुलट पुसले, मग पत्रिका घेतली. 

"जोरात पिळू?"

"पिळ. पण घरी न्याले थोडा ठेव."

दूर नाल्याकडून मोटरसायकलची फटफट ऐकू आली. ती लांब गेली, वळली, पुन्हा लांब गेली.

"मोठेबाबा नाई आले?" योगेशनं विचारलं.

सुभद्रा विहिरीच्या कठड्यावर टेकली.

"येऊन राहिले," ती म्हणाली. "आफ्रिकेवरून."